‘छान’ लिहिलेला पुठ्ठा

देवरावभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी औषधांच्या खिडकीवर होते. मेंदूत गाठ होती म्हणे... मला आधी रडू नाही आलं, भीतीच वाटली. तीन महिन्यांपूर्वीचं त्यांचं भाषण आठवलं.

चंद्रपूरच्या आमच्या दवाखान्यात फार्मसीच्या शिकाऊ पोरांना घडवलं ते भाऊंनीच. एकानं उभं राहून एखाद्या औषधावर बोलायचं, बाकीच्यांनी त्याला पारखायचं. त्यासाठी भाऊ गोळ्यांच्या रिकाम्या खोक्यांचे पुठ्ठे कापून वाटत. "पह्यले काय समजलं ते लिव्हा, मंग काय बदलवाचं ते. माणसाले नोका बोलू, चुकीले बोला." नुसतं ‘छान’ लिहिलं, की पुठ्ठा हिरव्या शाईत ‘परत’ लिहून आलाच म्हणून समजा. मी आलापल्लीहून आलेली बुजरी पोर. माझे पहिले चार पुठ्ठे परत आले. "शालू, छान म्हणजे तू झोपली होती काय वं?" पोरं खो-खो हसली. मला असा राग आला होता म्हणून सांगू! पाचवा मात्र त्यांनी ठेवून घेतला.

ते निवृत्त झाले आणि पोरांना शिकवणं माझ्याकडे आलं; तीन महिन्यांपूर्वी ते एकदा आमच्याकडे बोलायला आले. लहान मुलांच्या तापाचं औषध, त्यांचा हातखंडा विषय. आणि भाऊंनी मात्रा मोठ्या माणसाची सांगितली... एकदा नाही, दोनदा. जन्मात न चुकलेला माणूस! पोरं माझ्याकडे बघायला लागली. बाहेर पडताना त्यांनीच विचारलं, "काई चुकलं काय वं माह्यं?"

"नाई भाऊ." आणि पुठ्ठ्यावर लिहून दिलं, छान.

पोरांना खरी मात्रा मी मागाहून सांगितली. भाऊंना नाही. तेव्हाच बोलले असते, तर डॉक्टरांनी आधी तपासलं असतं का? भाऊ वाचले असते का? आता कोणाला विचारू...

तेरवीनंतर वहिनींनी भाऊंचा पुठ्ठ्यांचा डबा माझ्या हातात दिला. सगळ्यात वर माझाच, ‘छान’ लिहिलेला पुठ्ठा. हिरवी शाई, अक्षर वाकडंतिकडं: ‘शालूले परत’.

तो आता माझ्या अ‍ॅप्रनच्या खिशात असतो. काल मी पोरांसमोर बोलले, आणि गडचांदूरची एक पोर आपला पुठ्ठा पाठीमागे लपवून उभी राहिली.

"मॅडम, राग तं नाई येणार?"

"येईल," मी म्हटलं. हात पुढे केला. "तरी दे."