मामांचे साक्षीदार

"मी मेल्यावर हा नळ जोरात पिळू नको, त्याचा आटा गेलाय." "मी मेल्यावर शेवग्याची ही फांदी तोड, तवर हात लावू नको." लोक पैठणच्या एसटीबद्दल बोलतात तितक्या सहज मामा स्वतःच्या मरणाबद्दल बोलत. नोकरीसाठी परभणीहून आलेला मी पडेगावात त्यांच्याकडे भाडेकरू म्हणून राहायला गेलो, तेव्हा पहिल्याच दिवशी मला वाटलं, हा म्हातारा काही फार दिवसांचा सोबती नाही. हाच गृहस्थ पुढे माझ्या वरातीत घामाघूम होईपर्यंत नाचला.

मामा मूळचे पाचोडकडचे, मेंढपाळाच्या घरातले. चिकलठाण्याकडे कारखाने उभे राहू लागले तेव्हा मेंढरं विकून ते शहरात आले आणि बांधकामावर मजुरी करू लागले. त्याच मजुरीतून त्यांनी हे घर बांधलं. त्यांना मूलबाळ नव्हतं आणि मामीही गेलेल्या. घरात मामा आणि सुजाता, दोघंच. सुजाताचे वडील बांधकामावर मामांचे जोडीदार होते. विद्यापीठाच्या नामांतरावरून गावोगाव बौद्धवाडे पेटले, त्यात त्यांचंही घर जळालं. आईविना वाढणारी ती चिमुरडी त्यांनी मामांच्या ओसरीवर आणून ठेवली, आणि थोड्याच काळात तेही आजारपणात गेले. भावकीनं नाकं मुरडली. मामांनी मुरडू दिली.

"मामा, तिला दत्तक का नाही घेतलं?" मी एकदा विचारलं. इतके चिडलेले मामा मी पुन्हा कधी पाहिले नाहीत.

"दत्तक घेतली की बापाच्या जागी माझं नाव लागंल. तिच्या बापाचं तिच्यापाशी नावाबिगर राहिलंय काय? एका नावापायी मुलूख पेटलेला बघितलाय मी. अन् मीच पोरीच्या बापाचं नाव पुसू व्हय?"

नाव राहिलं, पण त्यामुळे कायद्याच्या लेखी सुजाता त्या घरात कोणीच नव्हती. मामांच्या मागे घर पुतण्याकडे, पाचोडच्या हरिभाऊकडे जाणार होतं. पोरीच्या डोक्यावरचं छप्पर दुसऱ्यांदा जायला नको, एवढी एकच धास्ती त्या बिनधास्त माणसाला होती.

तसं मृत्युपत्र त्यांनी कधीच केलेलं होतं, पण स्वतःच्या रीतीनं. त्यांच्या समाजात पंचायतीत पिकल्या केसांच्या शब्दाला मान. तेव्हा साक्षीला मामांनी भावकीतले सगळ्यात जख्ख दोन म्हातारे गाठले. एक त्याच उन्हाळ्यात गेला, दुसऱ्यानं दिवाळी पाहिली नाही. मामा कागद घेऊन वकीलबाईंकडे गेले. मीही सोबत होतो.

"कागद काही रद्द होत नाही," बाई म्हणाल्या. "पण उद्या कोणी हरकत घेतली, तर 'यांनी आमच्यासमोर सही केली' असं सांगायला कोण येणार? तुमच्या मागे राहतील असे धडधाकट साक्षीदार घ्या. ज्याला काही मिळणार आहे, त्याला मात्र घेऊ नका. नोंदणीची सक्ती नाही, पण केलेली बरी."

बाहेर येताच मामांनी माझा दंड दाबून पाहिला. "तू चालशील. दात दाखव बरं." बाजारात मेंढरू पारखावं तसे त्यांनी खरोखरच माझे दात पाहिले. मृत्युपत्राला जोडायला मामा शुद्धीवर असल्याचा दाखला डॉक्टर देत होते, तर मामांनी त्यांनाच विचारलं, "सायेब, तुमचं मृत्युपत्र झालं का लिहून? नाय? मग शुद्धीत कोण हाय म्हणायचं?"

दुसरा साक्षीदार म्हणून मामांनी हरिभाऊचं नाव घेतलं, तेव्हा मी कपाळाला हात लावला. ज्याचं घर जाणार त्यालाच सही करायला सांगायची?

"कळपाबाहेर पळणाऱ्या मेंढराच्याच गळ्यात घंटी बांधावी," मामा म्हणाले, आणि त्यांनी त्याला जेवायला बोलावलं.

सुजातानं ज्वारीची भाकरी आणि येसर आमटी केली होती. जेवण होईपर्यंत मामा कागदाबद्दल अवाक्षर बोलले नाहीत. मग सरळ सांगून टाकलं. हरिभाऊ ताडकन उठला. "परक्याच्या पोरीला घर? अन् आम्ही काय मेलो व्हय?"

"नाय मेला म्हणून तर बोलावलं. मेलेले साक्षीदार दोन झालेत माझे."

मला हसू आवरेना. हरिभाऊ मात्र चपला शोधत होता. मामांचा आवाज उतरला. "बस. पाचोडच्या रानातला माझा हिस्सा मागच्याच आठवड्यात तुझ्या नावावर सोडून आलोय. सही कर नायतर करू नको, ते रान तुझंच. वाडवडलांचं हुतं, ते घरात राहिलं. हे घर माझ्या घामाचं हाय, अन् त्यात पाणी भरलंय तिनं."

हरिभाऊनं पायात घातलेल्या चपला उंबऱ्यापाशी पुन्हा काढल्या. मग आत येऊन म्हणाला, "पेन कुठं हाय?" आधी मामांनी सही केली, मग आम्ही दोघांनी. त्यानंतर कितीतरी वर्षं मामांच्या तोंडून 'मी मेल्यावर' ऐकताना कोणी घाबरलं नाही. सुजाता नर्स झाली, विद्यापीठाला नाव मिळालं, पडेगावचा रस्ता रुंद झाला, आणि एका दुपारी मामा झोपले ते उठलेच नाहीत. त्या दिवशी मी वडील गेल्यासारखा रडलो.

तेरावं झालं त्या दुपारी भावकी ओसरीवर बसली होती. एका वडीलधाऱ्यानं घराचा विषय काढलाच. मी मृत्युपत्राचं सांगितलं. "कागदाचं काय," ते म्हणाले, "कुणीबी लिहून आणतंय." मी पडलो भाडेकरू, माझ्या शब्दाला तिथं किती वजन असणार? सुजाता दाराआड उभी होती.

हरिभाऊ उठला.

"कागद ऱ्हाऊ द्या बाजूला. काकानं सही केली तवा मी समोर बसलो हुतो. घर हिचं हाय." मग त्यानं सगळ्यांकडे एकदा पाहिलं. "आता आवरा. घरधनीण सकाळपासून उपाशी हाय, आधी तिला जेवू द्या."