हुंकार देणारे मामा

भाषण कोणाचंही असो, विषय कोणताही असो, आमचे मामेसासरे समोरच्या खुर्चीवर येऊन बसले की वक्त्याचं काही खरं नसे. साऱ्या मिशिगनमध्ये असा श्रोता दुसरा झाला नसेल, आणि आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांना विचाराल तर होऊही नये. इतर माणसं भाषण ऐकतात, मामा भाषणात भाग घेत. वक्त्याने ‘मित्रहो’ म्हटलं की हे ‘बोला!’ म्हणणार. ‘आपण सगळे घरदार सोडून इथे आलो,’ असं तो म्हणाला की हे मान हलवत ‘अगदी खरं!’ म्हणणार. त्याने पाण्याचा पेला उचलला तरी यांचं आपलं ‘घ्या, घ्या, घसा ओला करा!’ सत्यनारायणाच्या कथेत ते गुरुजींना ‘अरेरे! मग?’ असं इतक्या कळवळून विचारत, की कथा गुरुजींनी स्वतःच रचली असावी असं एखाद्याला वाटावं. घरात एकटे असले तर रेडिओवरच्या हवामानवाल्याला उत्तर देत. बर्फ पडणार असं तो म्हणाला की ‘पडू दे, पडू दे’ म्हणून त्याला धीर देत.

हे माझ्या नवऱ्याचे सख्खे मामा. मूळचे नागपूरचे, पेशाने इंजिनियर. मोटारींचे ब्रेक तपासायच्या कामात त्यांचा सारा जन्म गेला आणि लग्न करायचं राहूनच गेलं. मी लग्न होऊन नोव्हाय या डेट्रॉइटच्या उपनगरात आले तेव्हा, म्हणजे ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर, आमचे बहुतेक मराठी लोक डेट्रॉइट शहराकडे पाठ करून उपनगरांत राहत होते. शहरात जायची वेळ आलीच तर गाडीची दारं आतून लॉक करून जात आणि उजेडात परत येत. मामा मात्र फेब्रुवारी उजाडला की रोज संध्याकाळी शहरात. फेब्रुवारी हा तिथे काळ्या लोकांच्या इतिहासाचा महिना. चर्चची तळघरं, लायब्ररीच्या खोल्या, शाळांचे हॉल, जिथे तिथे कार्यक्रम. मामा एकही चुकवत नसत. टाय, त्यावर कानटोपी, पायांत बर्फातले बूट आणि खिशात खोकल्याच्या गोळ्या, असा त्यांचा फेब्रुवारीचा पोशाख. आमच्याकडे कुणी विचारलं, ‘मामा, तुम्ही कसे काय तिकडे?’ तर म्हणत, ‘का? बोलावणं असतं मला.’

बोलावणं खरंच असे. साठच्या दशकात मामा शिकायला आले तेव्हा ज्या ज्या घराच्या खिडकीत ‘खोली भाड्याने’ अशी पाटी दिसे, तिथे यांचा चेहरा दिसल्याबरोबर खोली नुकतीच गेलेली असे. शेवटी एका काळ्या विधवा बाईने यांना माडीवरची खोली दिली. ती दक्षिण कॅरोलिनाच्या समुद्रकाठची. तिने आपल्या पुढच्या खोलीत आपल्या लोकांच्या इतिहासाचा एक छोटा कार्यक्रम सुरू केला होता. तो वाढत वाढत चर्चच्या तळघरात गेला आणि मामा त्याच्याबरोबर गेले. मामा तिला ‘बाई’ म्हणत, आणि हे आपलं भारतीय नाव आहे अशा समजुतीने ती त्याला ओ देई. ती मामांना ‘प्रोफेसर’ म्हणे. मामा प्रोफेसर नव्हते, पण त्यांनी तिची समजूत कधी दुरुस्त केली नाही.

मी आले त्याच फेब्रुवारीत मामा मला तिथे घेऊन गेले. जाताना ताकीद दिली, ‘घरी जेवायचं नाही. तिथे चवळीभात असतो.’ भात होता, भेंडीची टोमॅटो घातलेली भाजी होती, पालेभाजीही होती. पालेभाजीच्या मोठ्या पातेल्यात मांसाचा तुकडा असे, म्हणून शेजारी एक लहान पातेलं झाकून ठेवलेलं होतं. त्यावर कुणी हात टाकला की बाई म्हणे, ‘ते प्रोफेसरचं.’ त्रिनिदादच्या एका गृहस्थाने लोखंडी पिंप ठोकून ठोकून केलेलं एक वाद्य वाजवलं. पिंपातून इतका गोड आवाज निघतो हे मला तोवर माहीत नव्हतं. मग एकेक जण बोलायला उठला, आणि सगळा हॉल मामांसारखाच वागू लागला! वक्ता अर्धं वाक्य बोले, की इकडून ‘येस!’, तिकडून ‘सांग, सांग!’, मागून कुणी म्हातारा ‘हम्म’. तेव्हा मला मामांचं कोडं उलगडलं.

परत येताना गाडीत त्यांनी सगळं सांगितलं. पहिल्या वर्षी बाईने यांना भारताबद्दल दोन शब्द बोलायला उभं केलं होतं. यांचं पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत कुणीतरी मागून ओरडलं. नागपूरच्या कॉलेजात गॅदरिंगला मागून ओरडणं म्हणजे काय हे मामांना पक्कं ठाऊक होतं. हुर्यो सुरू झाली असं समजून ते वाक्य अर्धवट टाकून खाली बसले. बाई खेकसली, ‘तुला बसायला कोणी सांगितलं? ते तुला पाडत नव्हते, धरून ठेवत होते.’ मामा पुन्हा उभे राहिले आणि म्हणे इतकं बोलले, की बाईलाच भाताखालचा गॅस दोनदा बंद करावा लागला. तेव्हापासून त्या कार्यक्रमात आभार मानायचं काम मामांकडे आलं ते कायमचं. ‘आपल्याकडेही गोष्ट सांगताना हुंकार द्यावाच लागतो की,’ मामा म्हणाले. ‘आपण विसरलो. टाय बांधला आणि विसरलो.’

आता हे शिक्षण मामांनी मराठी मंडळात आणलं, आणि तिथेच बिनसलं. गणेशोत्सवात अध्यक्षांचं भाषण चालू होतं. अध्यक्ष पुण्याचे, भाषण लिहून आणणारे. मामांनी पहिल्या रांगेतून ‘वा!’, ‘ऐका, ऐका!’, ‘होऊन जाऊ द्या!’ असा सपाटा लावला. अध्यक्षांची ओळ हरवली, मग कागद हरवला. आमच्या पुढे बसलेल्या एका मुलीने आईला विचारलं, ‘मॉम, व्हाय इज ही फायटिंग विथ हिम?’ भाषण कसंबसं संपवून अध्यक्ष खाली आले आणि म्हणाले, ‘मामा, प्लीज, असं डिस्टर्ब करू नका हो.’ मामा चकितच झाले. ‘डिस्टर्ब? अहो, मी सपोर्ट करत होतो!’ त्यानंतर अध्यक्ष मामांना शेवटच्या रांगेत बसवू लागले. त्याचा उपयोग झाला नाही, कारण मामांचा आवाज नागपुरी होता.

अशात एका जानेवारीत बाईच्या चर्चचा बॉयलर फुटला. तळघरात पाणी साचून गोठलं. फेब्रुवारीत शहरातला दुसरा एकही हॉल मोकळा नव्हता, सगळीकडे हेच कार्यक्रम. बाई ऐंशीला टेकलेली. गुडघे गेलेले, आणि मार्चमध्ये तिची मुलगी तिला अटलांटाला घेऊन जाणार होती. म्हणजे हा तिचा इथला शेवटचा कार्यक्रम. एक वर्ष खंड पडला, आणि त्यात आपणही इथे नसलो, तर हे पुन्हा कुणी सुरू करणार नाही, अशी तिला भीती होती. मामा तिला म्हणाले, ‘हॉल मी बघतो.’ म्हणाले खरे, पण मामांच्या ओळखीचा एकच हॉल होता. फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारी रथसप्तमीच्या आसपास आमच्या मंडळाचं हळदीकुंकू असे, त्यासाठी घेतलेला नोव्हायच्या शाळेचा हॉल.

अध्यक्षांच्या घरी मीटिंग झाली. मामांनी जन्मात पहिल्यांदा थोडक्यात बोलून दाखवलं. संध्याकाळचे दोन तास द्या, इतकंच. अध्यक्षांनी चष्मा पुसला. ‘मामा, आपलीच माणसं मावत नाहीत. शिवाय पार्किंगचं बघा. शाळावाले काय म्हणतील? अॅण्ड फ्रँकली, आपल्या लोकांना कम्फर्टेबल वाटलं पाहिजे ना यार.’ मामा म्हणाले, ‘मी या देशात आलो तेव्हा मला पाहून ज्यांना कम्फर्टेबल वाटलं नाही, ते सगळे अगदी असंच बोलत होते. पार्किंगचंसुद्धा.’ मी मामांना इतक्या हळू आवाजात बोलताना कधी ऐकलं नव्हतं. अध्यक्ष काहीतरी बोलणार, तोच स्वयंपाकघराच्या दारातून त्यांच्या पत्नीचा, आमच्या काकूंचा, आवाज आला. ‘हळदीकुंकू बायकांचं आहे ना? मग हॉल कुणाला द्यायचा ते आम्ही ठरवू. मामा, त्यांना चारला यायला सांगा. आणि तिळगूळ खातात का विचारा.’

चारला ते लोक आले. ठेवणीतले कपडे, बायकांच्या डोक्यांवर टोप्या. आमच्या बायकांनी दारातच अत्तर, गुलाबपाणी आणि हळदीकुंकू सुरू केलं. टोपी सरकवून कुंकू लावताना दोन्हीकडच्या बायका हसत होत्या. बाईने एक पत्र्याचा डबा आणला होता. त्यात पातळ, कुरकुरीत, तपकिरी वड्या. काकूंनी एक तोंडात टाकली आणि ओरडल्याच, ‘अगं, हे तर तीळ!’ बाई म्हणाली, आमच्याकडे याला बेने म्हणतात, आमच्या लोकांनी आफ्रिकेतून येताना आणलं. काकूंनी तिच्या हातावर तिळगूळ ठेवला. तो चावता चावता ती म्हणाली, ‘दात मजबूत आहेत तुमच्या लोकांचे.’ इथपर्यंत सगळं छान झालं.

मग बाई बोलायला उभी राहिली, आणि गाडी अडली. लहान मुलगी असताना आगगाडीने उत्तरेला आल्याची हकिकत ती सांगत होती. गाडीतल्या उपाहारगृहात काळ्यांना बसू देत नसत, म्हणून आईने बुटांच्या खोक्यात जेवण बांधून दिलं होतं. तिने एक वाक्य टाकलं आणि थांबली. हॉल गप्प. दुसरं टाकलं, थांबली. हूं नाही की चूं नाही. आमची माणसं शहाण्यासारखी हाताची घडी घालून, आदराने, श्वास रोखून ऐकत होती. तिची माणसं परक्याच्या घरी आल्यासारखी अवघडून बसलेली. आपण आवाज केला तर यजमानांना काय वाटेल, या संकोचात. आणि ती बिचारी त्या शांततेकडे बघत होती. तिच्या जगात अशी शांतता म्हणजे लोकांनी दार लावून घेतलं. तिने चष्मा काढला, हातातला कागद दुमडला आणि म्हणाली, ‘मी तुमचा फार वेळ घेत नाही.’

शेवटच्या रांगेतून मामा गरजले, ‘बोला बाई, बोला!’

माझ्या नवऱ्याने मान खाली घातली. अध्यक्षांनी कपाळाला हात लावला. बाईने आवाजाच्या दिशेने पाहिलं, पण तिचा कागद दुमडलेलाच होता. एकटे मामा पुरणार नव्हते हे मला दिसत होतं. मी कधी चारचौघांत तोंड उघडलेलं नव्हतं. कसं कोण जाणे, मी मोठ्यांदा म्हणाले, ‘मग? पुढे काय झालं?’ तेही मराठीत. माझ्या शेजारून काकू म्हणाल्या, ‘अगं बाई! आणि पोरगी एकटी होती?’ मागून कुणी ‘खरंच गं!’ म्हणालं. तेवढ्यात त्रिनिदादच्या त्या गृहस्थांनी ‘येस, मॅम!’ ठोकून दिलं, आणि मग त्यांची सगळी माणसं सुटली. बाईने चष्मा पुन्हा चढवला, कागद मात्र टेबलावरच ठेवला. त्या खोक्यातल्या जेवणापासून पुढच्या खोलीतल्या पहिल्या कार्यक्रमापर्यंत ती सगळं बोलली. प्रत्येक वाक्याला दोन भाषांतून उत्तर येत होतं. मंडळाच्या कुठल्याही भाषणाला आमच्या बायका इतक्या बोलल्या नव्हत्या. दोन तासांचे साडेतीन झाले आणि शाळेचा रखवालदार किल्ल्या वाजवत दारात उभा राहून तोही ऐकत राहिला.

मार्चमध्ये बाई अटलांटाला गेली. दिवाळीच्या सुमारास ती वारल्याचा फोन आला. मामांनी ते आम्हाला सांगितलं आणि रेडिओ लावून बसले. हवामानवाला बोलत राहिला, त्याला त्यांनी उत्तर दिलं नाही. चर्चने नवा बॉयलर बसवला आणि फेब्रुवारीत कार्यक्रम पुन्हा तळघरात झाला. खंड पडला नाही. आमच्याकडूनही दोनतीन गाड्या भरून बायका गेल्या, आणि काकू गाडी चालवत होत्या म्हणून अध्यक्षही आले.

शेवटी मामा आभार मानायला उठले. दरवर्षी आभारांत पहिलं नाव बाईचं असे. ‘सर्वप्रथम मी,’ इतकं इंग्रजीत म्हणाले आणि त्यांचा आवाज गेला. कानटोपी हातात घेऊन ते नुसते उभे राहिले. त्यांना काही सुचत नव्हतं असं नाही, ते नाव तोंडातून निघत नव्हतं. मागून एक म्हातारा म्हणाला, ‘टेक युअर टाइम, प्रोफेसर.’ दुसरी एक बाई म्हणाली, ‘टेक युअर टाइम.’ आणि मग माझ्या पुढच्या रांगेतून, लिहून न आणलेलं एक वाक्य आलं. अध्यक्षांचं.

‘सावकाश, मामा. आम्ही बसलोय.’

मामा नंतर काय बोलले ते मला आठवत नाही, फार काही बोलले असतील असंही वाटत नाही. पण त्यांना ते नाव उच्चारता येईपर्यंत त्या तळघरातलं कुणीही जागेवरून उठलं नाही.