दिसण्यात काहीच फरक नाही

ज्या माणसाने माझी उन्हाळाभराची मेहनत दोन वाक्यांत बाजूला सारली, त्याला मी कधी पाहिलेलं नाही. तो कुठल्या देशात राहतो हेही मला नक्की ठाऊक नाही. जगभरातली माणसं मिळून फुकट तयार करतात अशा एका ऑपरेटिंग सिस्टीमच्या मॅन्युअलचा तो प्रमुख संपादक होता. त्याला पगार नव्हता आणि मलाही नव्हता. त्याने लिहिलं होतं, "बदल वरवरचे आहेत. नवी आवृत्ती निघाली की नंतर पाहू." झाशीतल्या कॉलेजच्या लॅबमध्ये, विद्यार्थी समोर बसलेले असताना मी ते वाचलं, आणि आपण काय शिकवत होतो हे मला मुलांनाच विचारावं लागलं.

एवढा राग का आला, ते सांगायचं तर आधी ताईबद्दल सांगायला हवं.

ताई माझी मामेबहीण, माझ्याहून मोठी. लहानपणी आलेल्या तापात तिची दृष्टी गेली. मामा झाशीजवळच्या बबीना छावणीत लष्करी गणवेश शिवतात, आणि ती त्यांच्याजवळच राहते. कॉम्प्युटर ती कानांनी वापरते. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्राम असतो, स्क्रीन रीडर, तो ती इतक्या वेगात लावते की शेजारी बसणाऱ्याला नुसती पुटपुट ऐकू येते. त्या वर्षी तिने एका सरकारी कार्यालयातल्या संगणक सहायकाच्या जागेसाठी अर्ज भरला होता. लेखी परीक्षेत ती पास झाली होती आणि प्रात्यक्षिक बाकी होतं. पुढच्या भरतीपर्यंत ती वयाच्या मर्यादेबाहेर जाणार होती, म्हणजे संधी एवढीच. प्रात्यक्षिकाला इंटरनेट बंद राहणार होतं आणि मशीनमधलंच मॅन्युअल ब्राउझरमध्ये उघडायला मात्र परवानगी होती. तिथली मशीनं याच सिस्टीमवर चालणारी असतील आणि त्यांत सर्वांत ताजी आवृत्ती टाकलेली असेल, असं सूचनापत्रकात होतं.

आता मॅन्युअलबद्दल. प्रत्येक आज्ञेचं, प्रत्येक फाइलचं त्यात एक पान असतं. एका पानावर दुसऱ्या पानाचा उल्लेख आला की त्याचं नाव आणि कंसात विभागाचा आकडा देतात. एक म्हणजे रोजच्या आज्ञा, पाच म्हणजे फाइलींची मांडणी, आठ म्हणजे व्यवस्थापकाची कामं. हा उल्लेख लिहिताना एक ठरावीक खूण करायची असते. ती केली की ब्राउझरमध्ये पान उघडल्यावर तिथे लिंक तयार होते आणि वाचणारा सरळ त्या पानावर जातो. पण पानं लिहिणारे शेकडो. कुणी खूण केली, कुणी नुसतीच अक्षरं ठळक केली, कुणी "अमुकचं पान पाहा" असं साध्या मजकुरात लिहून सोडून दिलं. डोळस माणसाचं यात काही अडत नाही. त्याला नाव दिसतं, तो ते टाइप करतो, पान उघडतं.

मी स्वतः त्या डोळस माणसांपैकीच होतो. गरौठ्याच्या हिंदी शाळेत शिकलेला मुलगा, वडील धान्याच्या आडतीवर कारकून, घराण्यात कॉलेजची पायरी चढणारा पहिला. आमच्या कॉलेजात इंटरनेट असून नसल्यासारखं होतं आणि पुस्तकं ग्रंथपालांच्या कपाटात कुलुपात. मी शिकलो ते या पानांवरून, शेजारी इंग्रजी-हिंदी शब्दकोश उघडा ठेवून. ज्यांनी ती लिहिली त्यांनी मला पोटाला लावलं, असं मी आजही मानतो. म्हणून नोकरी लागल्यावर मी त्यांच्या कामात हातभार लावू लागलो. हे सांगतोय कारण पुढच्या रागात हे विसरलं जाऊ नये असं मला वाटतं.

होळीनंतर ताई सरावासाठी आमच्याकडे येऊ लागली. दुपारी जेवण झालं की ती माझ्या टेबलापाशी बसायची. एके दिवशी ठरावीक वेळी कामं आपोआप चालवण्याबद्दलचं पान ती ऐकत होती. वेळापत्रकाच्या फाइलीत काय लिहायचं ते पाचव्या विभागातल्या पानावर आहे, असं त्या पानात म्हटलं होतं. ताई पुढच्या लिंकवर उडी मारण्याचं बटण दाबत होती आणि प्रत्येक वेळी भलतीकडेच पोचत होती.

"अरे, ते पाचव्या विभागाचं पान आहे कुठे?"

"हे काय, समोरच तर आहे. दुसऱ्या परिच्छेदात."

"समोर तुझ्या. माझ्या समोर फक्त त्याचं नाव आहे. जायचं कसं?"

मी मूळ फाइल उघडून पाहिली. अक्षरं ठळक केलेली, खूण नाही.

"मग मी काय करू?" ती म्हणाली. "सगळं पान परत पहिल्यापासून ऐकू, नाव पाठ करू, बाहेर येऊ, टाइप करू? परीक्षेत त्या ठळक अक्षरांचे मार्क मिळतात का भैयाजी?"

रागावली की ती मला भैयाजी म्हणते.

मी आणखी पानं उघडली. काही पानांवर पहिला उल्लेख लिंक होता आणि तिसरा नुसता ठळक. शेवटी "हेही पाहा" अशी यादी असते, तीही काही ठिकाणी अर्धी खुणांची, अर्धी नुसत्या शब्दांची. ताईला हे जास्त जाचायचं. कुठेच लिंक नसती तर तिने दुसरी रीत लावली असती. काही ठिकाणी असते आणि काही ठिकाणी नसते, म्हणून ती बटण दाबत राहायची आणि हवं ते पान नकळत मागे पडायचं.

त्या उन्हाळ्यात मी व्यवस्थापनाची सगळी पानं हाती घेतली. हे काम यंत्रावर सोडता येत नाही. कंसात आकडा दिसला म्हणून तो संदर्भच असेल असं नसतं. उदाहरणातल्या प्रोग्रामातही तसंच लिहिलेलं असतं आणि तिथे खूण केली तर वाचणारा नसलेल्या पानाकडे निघतो. काही पानं दुसऱ्या सिस्टीमवरून उचललेली होती, त्यांतले संदर्भ आमच्याकडे नसलेल्या पानांचे. प्रत्येक ठिकाणी वाचून ठरवावं लागे. मी खूण करायचो, ताई ऐकायची आणि बटण दाबून पाहायची. एखादं राहिलं की म्हणायची, "मास्तर, इथे परत अंधार." आई सरबत ठेवून जायची आणि कुणीही ते वेळेवर प्यायचं नाही.

आमच्या त्या मंडळींची एक रीत आहे. खुणा नीट करताना पानाचं दिसणं बदलता कामा नये. म्हणून आधीचं पान आणि नंतरचं पान दोन्ही पडद्यावर काढून, यंत्राने ओळीला ओळ ताडून पाहायची आणि बदलासोबत लिहायचं, की दिसण्यात काहीच फरक नाही. हे लिहिणं म्हणजे प्रामाणिकपणाची पावती. मी प्रत्येक बदलाखाली ते इमानाने लिहिलं. नवी आवृत्ती गोठवायच्या कितीतरी आधी सगळं पाठवलं. ते पडून राहिलं. मी आठवण केली, तरी पडून राहिलं. मग आवृत्ती गोठली, म्हणजे आता फक्त अत्यावश्यक दुरुस्त्या घेणार, आणि तेव्हा ते उत्तर आलं. संपादकाने माझंच वाक्य पुरावा म्हणून जोडलं होतं. जणू, दिसण्यात फरक नाही असं तुम्हीच म्हणता, मग घाई कसली?

मी उलट लिहिलं. स्क्रीन रीडरवर वाचणाऱ्यांची काय अडचण होते ते उदाहरण देऊन समजावलं. त्याचं उत्तर आलं, "स्क्रीन रीडरमध्ये दोष असेल तर तो त्या प्रोग्रामच्या मंडळींना कळवा. आमचं पान योग्य दिसतं आहे."

योग्य दिसतं आहे. मी पुढचं पत्र लिहायला घेतलं आणि त्यात इतकं काही लिहिलं की ताईला वाचून दाखवताना मध्येच थांबलो.

"यात मी कुठे आहे?" तिने विचारलं.

"शेवटच्या परिच्छेदात. माझी बहीण पाहू शकत नाही, तिची परीक्षा आहे, असं."

"काढ ते."

"ताई, त्यानेच फरक पडेल."

"पडेल. बिचारी म्हणून पडेल. पानं चुकलेली आहेत की नाहीत?"

"चुकलेली आहेत."

"मग चुकलेली आहेत म्हणून दुरुस्त करू देत. मी आंधळी आहे म्हणून कशाला?"

तो परिच्छेद काढल्यावर पत्रात नुसता राग उरला. वडील खाटेवर बसून हे ऐकत होते. त्यांनी विचारलं, "हा माणूस सरकारी आहे का?"

"नाही बाबा."

"तुझ्या कॉलेजचा?"

"नाही. कुणाचाच नाही. फुकट काम करतो, माझ्यासारखंच."

"मग त्याला इतकी पत्रं कशाला लिहितोस? तुझी पानं तू वापर, त्याची तो वापरू दे."

ताई हसली. मला हसू आलं नाही. परीक्षेच्या मशीनवर माझी पानं असणार नव्हती, त्याची असणार होती, हे वडिलांना समजावता समजावता माझाच आवाज चढला. मग ते उठून बाहेर गेले आणि मला आणखी वाईट वाटलं. रागावलेलं पत्रही मी तसंच पाठवलं. उत्तर आलं नाही.

परीक्षेपर्यंत आम्ही दुसरा मार्ग धरला. कुठल्या पानावर खूण नाही ते ताईने पाठ करायला घेतलं. विचार करा, ज्या मॅन्युअलचा उपयोगच पाठ करावं लागू नये म्हणून असतो, त्यातल्या चुका ती पाठ करत होती. आणि करताना कुरकुरतही नव्हती. कुरकूर मी करत होतो.

केंद्र झाशीतच, इलाइट चौराह्याजवळच्या एका इमारतीत होतं. तिला वेगळं मशीन, हेडफोन आणि जादा वेळ, सगळं नियमाप्रमाणे मिळालं. तक्रारीला जागा नव्हती. मी समोरच्या ज्यूसच्या गाडीपाशी उभा राहिलो. बाकीची मुलं बाहेर आली, पांगली, आणि बऱ्याच वेळाने ताई आली. काठी आपटत नव्हती, म्हणजे बरं गेलं असेल असं मला वाटलं.

"दोन प्रश्न झाले," ती म्हणाली. "तिसरा बॅकअपचा होता. ठरावीक दिवशी चालायला हवा आणि जुन्या फाइली काढून टाकायला हव्यात."

"ते तर तुला येतं."

"वेळापत्रक लावलं. जुन्या फाइलींसाठी मांडणीचं पान हवं होतं. त्याचा संदर्भ ज्या पानावर आहे ते या आवृत्तीत नवीन लिहिलंय, आपण पाठ केलंच नव्हतं. संदर्भ होता, लिंक नव्हती. मी बटण दाबलं, दोनदा पुढे निघून गेले. परत पहिल्यापासून ऐकायला लागले, तेवढ्यात सर म्हणाले, हात उचला."

"त्या सरांना सांगायचंस."

"काय सांगायचं? दिसायला तर बरोबर होतं ना."

आम्ही टेम्पोने घरी आलो. ती एकदाच म्हणाली, भूक लागलीय. निकालात तिचं नाव नव्हतं. तिसरा प्रश्न पुरा झाला असता तर आलं असतं का, ते मला ठाऊक नाही, आणि कुणीही मला ते सांगणार नाही. मला राग आहे तो याचाच. चूक कुठे झाली ते बोट ठेवून दाखवता येतं, आणि तरी त्या चुकीने काय हिरावलं ते सिद्ध करता येत नाही. संपादकाने सगळं नियमाने केलं. केंद्राने सगळं नियमाने केलं. मीही नियमानेच लिहिलं, की दिसण्यात फरक नाही. पान कसं दिसतं तेवढंच ताडून पाहायचं आणि त्यालाच तपासणी म्हणायचं, हे इतक्या हुशार माणसांना वर्षानुवर्षं पुरेसं कसं वाटलं?

दिवाळीच्या सुमारास संपादकाने माझे सगळे बदल एका दमात घेतले. वर लिहिलं, की माझी नजर बारीक आहे, तर व्यवस्थापनाची पानं यापुढे मीच सांभाळावीत. मी ती घेतली. सोडून देण्याइतका माझा राग स्वच्छ नव्हता. ती पानं मला अजून आपली वाटत होती. पहिल्याच आठवड्यात मी नियम लावला, की कुठलाही बदल ब्राउझरमध्ये लिंकांवर फिरून पाहिल्याशिवाय घेणार नाही. बदल पाठवणाऱ्यांपैकी दोघांनी कटकट केली. मी त्यांना लांबलचक उत्तरं दिली नाहीत, बदल परत पाठवले.

डिसेंबरात ताई लॅपटॉप घेऊन आली. बबीनातल्या एका व्यापाऱ्याकडे तिला हिशेबाचं काम मिळालं होतं. तिथला बिलांचा प्रोग्राम या सिस्टीमवर चालत नाही, दुसरी लागते.

"ही काढ आणि ती टाक," ती म्हणाली.

"आधी एकदा ऐकून बघ. सगळ्या पानांवर लिंक आहेत आता. त्या नव्या पानावरसुद्धा."

तिने हेडफोन लावले. वेळापत्रकाचं पान, तिथून पाचव्या विभागातलं, तिथून जुन्या फाइलींचं, मग परत. बटण आणि पान, बटण आणि पान, कुठे अडलं नाही. ती बराच वेळ फिरत राहिली. मग हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

"बरोबर आहे सगळं," ती म्हणाली. "आता काढ. मला सोमवारपासून जायचंय."

दोन्ही एकत्र ठेवता येतील, असं मी सुचवून पाहिलं. डिस्क लहान आहे, ती म्हणाली, आणि शेठजींच्या फाइली मोठ्या. मी नव्या सिस्टीमची डिस्क घातली. थोड्या वेळाने मशीनने विचारलं, आधीचं सगळं पुसलं जाईल, पुढे जायचं का? मी ते तिला वाचून दाखवलं आणि हात मागे घेतला. तिने किल्ल्यांवर बोटं फिरवून एंटर शोधला आणि दाबला.