बोकड हरला तेव्हा

मध्य जावातल्या आमच्या गावच्या झऱ्याचं पाणी गोड आहे, आणि त्या गोडीवर बू लासियेमचा, म्हणजे आमच्या लासियेम मावशीचा, टोफू उभा आहे. सोयाबीन वाटून, उकळून, गाळून ती जी पांढरी, थरथरती लादी उतरवते, तशी बाजारात दुसऱ्या कुणाची नसते. हे शेजारी म्हणून सांगत नाही, खाऊन सांगतो.

त्या वर्षी गावप्रमुखाची निवडणूक लागली. रीतीप्रमाणे उमेदवारांना पिकांची चिन्हं मिळाली. भात म्हणजे पाक, अर्थात श्रीयुत, दार्सोनो. त्यांना झरा बाटलीबंद पाण्याच्या कारखान्याला द्यायचा होता. मका म्हणजे कासिमान, पपई म्हणजे त्याचा मेहुणा पोनिदी. दोघांनाही झरा गावाचाच हवा होता, फक्त एकमेकांचं तोंड नको होतं.

"दोघं उभे राहिलात तर झरा जाईल, आणि माझी चूलही," लासियेम म्हणाली.

कासिमान हसला. "झरा राखणारेच गावात जास्त आहेत, बू. दोन बैल लावले तर नांगर जोरात चालतो."

"एकाच दिशेला जुंपले तर."

त्याला ते पटलं नाही. मग गावकऱ्यांनी मिळून झरा साफ करायच्या दिवशी जेवणाचा बेत ठरवायला लासियेमने तीन करवंट्या मांडल्या: बोकडाचा रस्सा, काडीवर भाजलेला बोकड, आणि टोफू. प्रत्येकाने आवडीच्या करवंटीत सोयाबीनचा एक दाणा टाकायचा. दाणे पोनिदीने मोजले. रस्सा अकरा, भाजलेला दहा, टोफू चौदा.

टोफू शिजला. पोनिदी ताटाकडे बघत बसला.

"बू, तुला तुझाच टोफू खपवायचा होता."

"दाणे कुणी मोजले?"

"मीच. पण बोकड मागणारे एकवीस होते की."

"होते ना. अर्धे रश्श्यात बुडाले, अर्धे काडीवर करपले."

मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "म्हणजे पाक दार्सोनो टोफू?"

"माझ्या टोफूला नावं ठेवायची नाहीत," लासियेम म्हणाली, आणि सगळा घोळका हसला. दार्सोनोसुद्धा हसले, पण जरा उशिरा.

कासिमान आणि पोनिदीने कितीतरी दिवसांनी एकमेकांकडे पाहिलं.

"तू मागे हो," कासिमान म्हणाला.

"होतो. पण जिंकलास तर बोकड काडीवरच भाजायचा."

झऱ्याचा कधी केला नसेल एवढा विचार कासिमानने त्या अटीचा केला. "रस्सा थोडासा?"

"थेंब नाही."

मका जिंकला. झऱ्याकाठी निखारे फुलले, बोकड काड्यांवर तडतडला, आणि सगळ्यात जास्त काड्या पाक दार्सोनोंनी रिकाम्या केल्या. नवा गावप्रमुख मात्र एक काडी घेऊन उदास चघळत होता. लासियेमने त्याच्यापुढे एक वाडगा सरकवला. आत टोफू होता, झणझणीत रश्श्यात पोहणारा.

पोनिदीने वाडग्यात डोकावून पाहिलं. बोकड नव्हता, म्हणजे अट मोडली नव्हती; त्याने आपली पुढची काडी उचलली.