वीस पोरांची शाळा

“ही पण फोटो काढून जाणारीच दिसते गो. केस बघ, शिकेकाई ठाऊक नाय असल्यांना.”

मी दाराबाहेर सँडलचा पट्टा सोडत होते, तेव्हा आतून हे ऐकू आलं. बाई फळ्यावर पाढे लिहीत होत्या आणि बोलत होत्या तांदूळ निवडत बसलेल्या मावशींशी. मावशी म्हणजे शाळेची खिचडी शिजवणाऱ्या. मी ऐकलंय हे दोघींनाही कळलं. मावशींनी मान खाली घातली. बाई मात्र वळून मला म्हणाल्या, “ऐकलंस ना? बरं झालं. परत सांगायला नको.”

सिद्धगडाच्या पायथ्याशी एका वाडीतली ती सरकारी शाळा. पहिली ते चौथी, एक खोली, एक बाई. मी तालुक्याच्या ऑफिसात कंत्राटावर लागले होते. शाळांमधून फिरायचं, फॉर्म भरायचे, ते कॉम्प्युटरवर चढवायचे. इंग्लिश मीडियममध्ये शिकल्यामुळे मराठीत बोलताना मी आधी वाक्य मनात जुळवते, आणि ते जुळेपर्यंत समोरच्यांचा विषय बदललेला असतो. अशा माणसाला बाईंच्या पुढ्यात उभं करू नये.

बाईंच्या तोंडातून कोणी सुटत नसे. उशिरा आलेलं पोर, वर्गात शिरलेली शेळी, तपासणीचे साहेब, सगळ्यांना एकच प्रश्न. “तुझ्या बापाची शाळा हाय?” साहेबांसाठी तेवढं ‘तुमच्या वडिलांची’ होई.

कुठल्याशा कंपनीने शाळेला मोठा टीव्ही दिला होता. बिल थकलं म्हणून वीज आधीच तोडलेली. बाईंनी त्या टीव्हीला आपली जुनी साडी गुंडाळून कोपऱ्यात उभं केलं होतं. पाहुणे आले की ओळख करून देत, “ही आमची सून. दिसायला बरी, पण बोलत नाय.” संडास बांधलेला होता, त्याला पाणी नव्हतं. छपराखाली निळं प्लास्टिक ताणलेलं होतं. याबद्दल दर वर्षी त्या अर्ज करत. पोच घेऊन येत आणि तिसरी-चौथीच्या पोरांना त्या पोचेवरून वाचन शिकवत.

तुम्हाला अशा बाई प्रेमळ वाटत असतील तर जरा थांबा. माझ्या दुसऱ्या फेरीत त्यांनी दुसरीचं पुस्तक माझ्या हातात दिलं आणि कविता वाचून दाखवायला सांगितली. तिसऱ्याच ओळीत एका जोडाक्षरावर मी अडखळले. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तिथेच अडखळले. पोरं हसायला लागली. बाईंनी त्यांना गप्प केलं नाही.

“बघा रे,” त्या म्हणाल्या, “कॉलेज शिकलेली हाय. तुमी घाबरू नका, तुमच्यापेक्षा मागं पण कोणतरी हाय.”

मीही हसले. अशा वेळी हसणं मला चांगलं जमतं. टोकावड्याला येईपर्यंत एसटीत मी खिडकीबाहेर बघत होते.

पण पाहिलं ते सगळंच सांगायला हवं. दिवाळी झाली की वाडीतली निम्मी घरं वीटभट्ट्यांवर जातात, भिवंडीच्या बाजूला. पोरं बरोबर जातात. अशा पोरांसाठी एक हमी कार्ड असतं. ते दाखवलं की भट्टीजवळच्या शाळेत पोराला बसवून घेतात. बऱ्याच शाळांत ते कार्ड कोणी देत नाही. पोर भट्टीवर आणि हजेरी इथे, हा सगळ्यांच्या सोयीचा रिवाज. बाई मात्र निघायच्या दिवशी घरोघर फिरून कार्ड देत. ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून आईच्या पदराला स्वतः गाठ मारत आणि बापाला बजावत, “हरवलंस तर भट्टीवर येऊन तुझी अब्रू काढीन.” नंतर दर सोमवारी तिथल्या शिक्षकांना फोन करून प्रत्येक पोराची चौकशी करत. आसपासच्या शाळांतले शिक्षक त्यांना म्हणत, बाई, कशाला पट घालवता? त्या म्हणत, “पोर शिकणार कुठं मग? माझ्या रजिस्टरात?”

त्या वर्षी वीसच्या खाली मुलं असलेल्या शाळा बंद करायच्या म्हणून त्यांची यादी करायचं फर्मान आलं. जानेवारीत मला वाडीवर पाठवलं. वर्गात अकरा मुलं होती. बाईंनी टेबलावर नऊ कार्डांच्या झेरॉक्स मांडल्या. धसईच्या बाजारातून पदरच्या पैशाने काढून आणलेल्या.

“अकरा न् नऊ किती?” त्यांनी मला विचारलं, पहिलीच्या पोराला विचारावं तसं.

“वीस,” मी म्हणाले आणि झेरॉक्सचे मोबाइलवर फोटो काढून घेतले.

“हुशार हायस. ही नऊ तिकडं शिकतात, पण पोरं माझी. तसं लिही.” मग बाहेर पोरांची ताटांवरून मारामारी सुरू झाली, तेव्हा कोऱ्या फॉर्मवर आधीच सही करून त्या पळाल्या. खोलीत मी आणि खिचडीचा टोप उतरवून ठेवणाऱ्या मावशी, दोघीच राहिलो.

फॉर्मवर कार्डाच्या मुलांसाठी रकाना नव्हता. हजर मुलं, एवढाच रकाना होता. खाली ‘शेरा’ म्हणून एक ओळ होती. नऊ मुलं हमी कार्डावर आहेत, एवढं एक वाक्य तिथे लिहायचं होतं. माझं मराठी चुकेल, ऑफिसात हसतील, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे त्या पोरांचं हसणं माझ्या कानात होतं. मी अकरा लिहिलं, शेऱ्याच्या ओळीवर एक आडवी रेघ मारली आणि फॉर्म पिशवीत ठेवला. हात जरासुद्धा थांबला नाही.

एप्रिलमध्ये बैठक झाली. वाडीची शाळा ओढ्यापलीकडच्या, रस्त्याकडेच्या शाळेत विलीन करायचं ठरलं होतं. बाई उभ्या राहिल्या, वीस मुलं आहेत म्हणाल्या. साहेबांनी फॉर्म वर धरला. “सही तुमचीच ना, बाई? अकरा पोरांना शाळा नाही म्हणत, शिकवणी म्हणतात.” सगळे शिक्षक हसले. ज्यांच्या रजिस्टरात भट्टीवरची पोरं रोज हजर होती, ते सगळ्यांत मोठ्याने. बाईंनी पिशवी उपसली, पण झेरॉक्स शाळेतच राहिल्या होत्या; त्या खाली बसल्या. मी मागे कॉम्प्युटरशी बसले होते. त्या नऊ झेरॉक्सचे फोटो माझ्या मोबाइलमध्ये होते. मोबाइल मी ओढणीखाली सरकवला.

आता बाई शहापूरकडच्या एका मोठ्या शाळेत आहेत. तिथे पंखे आहेत, नळाला पाणी आहे. तिथल्या एका शिक्षिका म्हणाल्या, बाई कोणाशी फारशा बोलत नाहीत. पोरांशीही नाही.

वाडीवर मी त्यांना शेवटचं पाहिलं ते मे महिन्यात. सामानाची यादी करायला मला पाठवलं होतं. टेम्पोत बाकं, फळा, खिचडीचा टोप, साडी गुंडाळलेला टीव्ही चढवला जात होता. भट्टीवरून परतलेली दोन-तीन घरं बघायला आली होती. त्यांच्या मुली काही पावसात फुगणारा ओढा ओलांडून पलीकडच्या शाळेत जाणार नव्हत्या.

मावशी कुंपणाबाहेर उभ्या होत्या. त्यांचंही काम शाळेबरोबरच गेलं होतं. बैठकीपासून वाडीत त्यांच्याशी कोणी बोलत नव्हतं. बायका विहिरीवर त्यांना मागे ठेवत, त्यांचा हंडा बाजूला सरकवत. फॉर्म भरताना खोलीत त्याच होत्या, भट्टीवरची पोरं काय परत येत नाहीत असं त्यांनीच मला सांगितलं, हे बाईंनी ठरवून टाकलं होतं. आणि बाईंनी ठरवलं की वाडीने ठरवलं.

मावशी पुढे आल्या. बाईंच्या पाया पडायला वाकल्या. बाईंनी पाय मागे घेतले.

“उठ गो. लई मोठं काम केलंस. आता त्या साहेबांच्या घरी खिचडी घाल.”

“बाई, देवाशप्पथ, मी काय नाय बोल्ले.”

“तूच होतीस खोलीत. भिंत बोल्ली काय?”

बघणारी माणसं हसली. मावशींनी पदर तोंडात धरला. बाई टेम्पोच्या पुढच्या सीटवर चढायला वळल्या. मी हातातली यादी खाली ठेवली. वाक्य मनात जुळवायला थांबले नाही.

“बाई, मावशी काही बोलल्या नाहीत. शेऱ्यावर रेघ मी मारली. तुमच्या नऊ पोरांचं मला माहीत होतं, तरी मारली.”