बरोबर आल्यावरचं वाक्य

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. दिगंबर गेल्याचा फोन आला तेव्हा, रडू फुटायच्या आधी, क्षणभर मला हलकं वाटलं होतं. आता त्याची नि माझी तुलना कुणी करणार नव्हतं...

आम्ही दोघं पिशोर गावचे. होस्टेलवर त्याला प्रोग्रामिंग मीच शिकवलं. पुढं मी शहरातल्या एका कॉलेजात शिकवू लागलो आणि त्यानं हर्सूलच्या घरी बसून नवशिक्यांच्या सरावासाठी वेबसाइट काढली. पोरांनी मोबाइलवर छोटासा प्रोग्राम लिहायचा. चुकला की इंग्रजी एररऐवजी आपल्या बोलीत उत्तर यायचं : ‘कंस उघडून कुठं निघालास, बाप्पा? लाव की तो!’ माझ्या तासाला पेंगणारी पोरं तिथं चुका करत खिदळायची. आणि शिकायची. ते मला बघवत नसे.

त्यातलं सगळ्यात गाजलेलं वाक्य तर माझंच होतं. होस्टेलवर त्याच्या प्रोग्राममधला लूप तेच ते करत राहिला, थांबेना, तेव्हा मी खेकसलो होतो, “येड्या, थांबायचं कुठं ते त्याला सांगितलंच नाय तू. फिरतंय घाण्याच्या बैलावानी!” साइट सुरू करताना त्यानं विचारलं, “सुध्या, हे टाकतो. खाली तुझं नाव देऊ का?”

“असल्या पोरखेळात माझं नाव नको.”

मग पोरं तेच वाक्य ‘दिगंबर सरांचं’ म्हणून मला ऐकवायची. नाव मीच नाकारलेलं, तरी जळायचो मीच.

शेवटचं भेटलो तेव्हा आजारानं तो पार वाळला होता. उशाशी लॅपटॉप. म्हणाला, “चुकल्यावरची वाक्यं लई झाली. बरोबर आल्यावर काय म्हणायचं, ते तू लिही.”

“तुझी साइट, तूच लिही की.”

“मला नाय जमत गड्या.” तो हसला. “तुझ्याकडून निस्त्या शिव्याच खाल्ल्या. शाबासकी कशी असती, मला काय ठाऊक?”

मी चहा संपवून उठलो. “बघू,” म्हणालो.

परवा पहिल्यांदाच त्याच्या साइटवर बसलो. वहिनींनी ती चालू ठेवलीय. सगळ्यात सोपा सराव सोडवला. उत्तर बरोबर आलं. हिरवी चौकट उघडली... आत एक अक्षर नाही. जागा त्यानं तशीच सोडली होती.

दिगंबरला मी एक शाबासकी देणं लागतो.