आधी आचाऱ्यांची पंगत

ब्रह्मपुरीच्या आसपास कुठंही लग्न ठरलं की पहिला निरोप कमळाबाईला जायचा. गावजेवणाचा भात ती असा उतरवायची की शीत न् शीत मोकळं. आवाज दणदणीत, हात सढळ, आणि स्वतःचं जेवण सगळ्यांच्या शेवटी. पंगती उठण्याआधी आचाऱ्यानं घास घेणं तिला पटतच नसे.

दिवाळीनंतर तिला शुगर निघाली. डॉक्टरीणबाईंनी गोळी दिली आणि बजावलं, "गोळी घेतली की जेवण चुकवायचं नाही." कमळाबाईनं त्यातली गोळी तेवढी ध्यानात ठेवली. घरी सून रंजीताला माहीत होतं. बाहेर मात्र तिनं ताकास तूर लागू दिली नाही. शुगरवाली म्हणून लोक आपल्याला घरी बसवतील, ही धास्ती.

चैत्रात वामनरावांच्या मुलीचं लग्न आलं. सकाळी गोळी गिळून कमळाबाई चुलीपुढं उभी राहिली. वरात नाचण्यात अडकली, दुपार कलली. तिला दरदरून घाम सुटला, पण चुलीजवळच्या घामाचं कुणाला नवल? मग हात थरथरू लागले. वडे तळणाऱ्या मीराबाईवर ती उगाच खेकसली आणि मीठ घातलेल्या वरणात पुन्हा मूठभर मीठ टाकू लागली. मदतीला सोबत आलेल्या रंजीतानं धावत येऊन हात धरला.

"आई, काऊन असं करून राह्यल्या?"

कमळाबाईची जीभ जड झाली होती. रंजीतानं तिला खाली बसवलं आणि पेलाभर पाण्यात साखर ढवळली. "याईले शुगर हाये," ती मीराबाईला म्हणाली.

"अन् साखरच पाजून राह्यली? मारतं का सासूले?"

"मावशी, गोळी पोटात हाये अन् अन्न नाई. रक्तातली साखर पार खाली गेली असंन. आधी पिऊ द्या, मंग भांडू."

कमळाबाई हळूहळू पेला प्याली. थोड्या वेळानं चेहऱ्यावर तेज परतलं, तशी रंजीतानं भात-वरणाचं ताट पुढं ठेवलं. तेवढ्यात वामनराव घाबरेघुबरे आले. कमळाबाईनं मान खाली घातली.

"भाऊ, मले शुगर हाये. पुढच्या कार्याले दुसरी बाई पाहा."

वामनराव तिच्या शेजारीच फतकल मारून बसले. "मले बी हाये. तुह्यासारखीच गोळी घेऊन सकाळपासून वरातीची वाट पाहून राह्यलो. मले बी वाढा. फक्त विहीणबाईले सांगू नका."

पहिल्याच घासाला त्यांचा चेहरा वाकडा झाला. "वरण लय खारट हाये, कमळाबाई."

ती इतकी हसली की मीराबाईलाही हसू आवरेना. मग रंजीतानं वरणात आणखी शिजलेली डाळ ओतली आणि पंगत निभावली.

तेव्हापासून काम घेताना कमळाबाईची एकच अट असते: वेळ झाली की आधी आचाऱ्यांची ताटं. तिच्या स्वतःच्या ताटात भात थोडा, भाजी जास्त. लोकही आता तिला चारचौघांत विचारतात, पाय दुखतात, तहान फार लागते, काय करू? "आधी रक्त तपासून ये," ती सांगते, "मंग माह्यापाशी बस."

परवाच्या लग्नात नवरदेवाचा शुगरवाला मामा जिलेबीसाठी तिसऱ्यांदा आला. कमळाबाईनं झारा खाली ठेवला नि आवाज चढवला, "मामी, जरा इथी या."

मामा ताट घेऊन मुकाट्यानं भाजीकडं वळला.